पूल दोरांचा होता

आमच्या घरात हा खेळ मी आणला. आधीच सांगून टाकते, कारण आत्या जिकडेतिकडे सांगत सुटते की तिनं आणला. आत्यानं फक्त फासे आणले, तेही सगळे वीस बाजूंचे. सहा बाजूंचा एक धड फासा त्यात नव्हता.

खेळ असा असतो. एक जण सूत्रधार, म्हणजे मी. मी जग सांगते: जंगल, दरोडेखोर, पाऊस, पावसात शिंकणारा दरोडेखोर, सगळं. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि ते काय करतं, काय बोलतं ते सांगायचं. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. मारामारी सुरू झाली की चौकटींचा कागद पसरायचा आणि सोंगट्या सरकवायच्या. गेल्या वर्षापर्यंत वर्गात नुसतं "हजर" म्हणताना माझा आवाज चिरकायचा. आता शाळेच्या क्लबात माझ्याहून हातभर उंच मुलं श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघतात, राक्षस जागा झाला की नाही ते कळायला. मला जाम मजा येते. खोटं कशाला बोलू!

पण क्लबातली मुलं सांभाळणं सोपं. घरचं टेबल सांभाळून दाखवा.

बाबा लिफ्ट दुरुस्त करतो. चार वेळा तपासल्याशिवाय तो पाणीसुद्धा पीत नाही. खेळतानाही तसाच. "भिंत किती उंच? तो धनुष्यवाला मला झाडाआडून दिसतो का? मी दिसतो का त्याला?" आईचं पार्लर आहे. दिवसभर लोक तिच्यासमोर मान खाली घालून बसतात आणि पोटातलं सगळं सांगून मोकळे होतात. ती खेळताना विचारते, "त्या पहारेकऱ्याचं नाव काय गं? जेवलाय का तो?"

एकदा किल्ल्यात शिरायचं होतं. बाबानं मागच्या भिंतीवरून चढाईचा असा काही प्लॅन आखला होता की मलाच घाम फुटला. तेवढ्यात आईनं पुढच्या दारावरच्या पहारेकऱ्याशी गप्पा सुरू केल्या. गप्पा एवढ्या रंगल्या की शेवटी पहारेकऱ्यानं नोकरीच सोडली आणि किल्ली आईच्या हातात ठेवून तो बहिणीकडे राहायला गेला.

"अरे, माझा प्लॅन!" बाबा ओरडला.

"दार उघडलं ना?"

"उघडलं. पण असं उघडायचं असतं का?"

"तू ना," आई म्हणाली, "उघड्या दारालासुद्धा शिडी लावशील."

आत्या हसून हसून खुर्चीवरून घसरली. आत्या म्हणजे बाबाची धाकटी बहीण, दातांची डॉक्टर. खेळात तिचं पात्र म्हणजे एक चोरटी, आणि ती कुठल्याही प्रसंगात चोरीच करते. घर जळत असेल तर आधी चमचे खिशात.

तर माझं खरं काम होतं दोन्ही बाजू तोलून धरायचं. बोलणं लांबलं की बाबा फासे एकावर एक रचायला लागतो. मारामारी लांबली की आई हळूच उठून कपड्यांच्या घड्या घालायला घेते. मग माझं मीच शोधून काढलं. मारामारीत शत्रूला एखादं दुःख द्यायचं, म्हणजे आई बसून राहते. बोलण्याच्या प्रसंगात कुठंतरी आग लावून द्यायची, म्हणजे बाबा बसून राहतो. क्लबातले मोठे मला विचारतात, हे तुला कुणी शिकवलं. मी सांगते, आईबाबांनी. त्यांना वाटतं मी चेष्टा करते.

सोंगट्या आमच्या घरच्याच. बाबाच्या ढालवाल्याची सोंगटी म्हणजे लिफ्टचा एक जाड बोल्ट. आईच्या दुभाषीची सोंगटी म्हणजे केस कुरळे करायचा गुलाबी रोलर. आत्याची चोरटी म्हणजे प्लास्टरची एक दाढ, जी बघून मला अजून कसंतरी होतं. आणि आमचा एक नियम आहे, जो दुसऱ्या कुठल्या टेबलावर मी पाहिला नाही. सोंगटीवर बोट असेल तर पात्र बोलतंय. बोट उचललं की माणूस बोलतोय. हा नियम करावा लागला, कारण एकदा आईची दुभाषी एका राक्षसाला म्हणाली, "तुझ्यासारख्या ठोंब्याबरोबर मी एक दिवस काढणार नाही," आणि बाबा उठून बाल्कनीत गेला. त्याला वाटलं, त्यालाच म्हणाली. आम्ही केवढे हसलो होतो. तोही हसला, पण जरा उशिरा.

बाबा मात्र बोल्टवर बोट ठेवून कधीच बोलला नाही. तो बोल्ट फक्त सरकवायचा. "ढालवाला काय म्हणतो?" असं मी विचारलं की तो म्हणायचा, "काही नाही म्हणत. दोन चौकटी पुढे."

मग एके दिवशी दोघांनी मला सोफ्यावर मधे बसवलं.

आई पार्लरच्या वरच्या खोल्यांत राहायला जाणार होती. मी शाळेच्या दिवसांत बाबाकडे, सुट्टीला आईकडे. कुणी कुणाला फसवलं नव्हतं. कुणी आरडाओरडा केला नव्हता. केला असता तर बरं झालं असतं, मला काहीतरी धरायला मिळालं असतं. आई म्हणाली, "आम्ही एकमेकांना काही सांगेनासेच झालो गं, पिल्लू. घरात दोन भाडेकरू राहावेत तसं झालं." बाबा सोफ्याचा पाय डुगडुगतोय का ते बघत होता. डुगडुगत नव्हता. मी बघितलं.

मी रडले वगैरे, ते सोडा. रडून झाल्यावर मी विचार करायला लागले. मला वाटलं, हा तर माझाच प्रांत आहे! एकाला बोलायचंय, दुसऱ्याला चौकटी मोजायच्यात, आणि दोघं एका टेबलावर टिकत नाहीत, हे गणित मी दर रविवारी सोडवते. मग आताच का सुटणार नाही?

मी म्हटलं, "सामान हलवायच्या आधी मला एक डाव हवाय. शेवटचा. आत्यालाही बोलवा."

दोघंही लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच की मला जरा भीतीच वाटली.

मग मी पूल बांधला. आजवर रचलेल्या सगळ्या डावांत भारी डाव होता तो. एक खोल दरी, तिच्यावर दोरांचा झुलता पूल. अलीकडून राजाचे शिपाई येतात. त्यांना फक्त दुभाषी हवी असते, कारण राजाचं गुपित फक्त तिला कळलेलं असतं. पलीकडे दरोडेखोरांची म्होरकी कुऱ्हाड घेऊन दोरांपाशी उभी. तिला राग आला की ती दोर तोडणार. म्हणजे दुभाषीनं पुलाच्या मधोमध उभं राहून म्होरकीला बोलण्यात गुंतवायचं, आणि ढालवाल्यानं अलीकडचं टोक अडवून धरायचं. तो फुशारकीनं पुढे घुसला तर पूल उघडा पडतो. ती बोलताना थांबली तर दोर जातात. एकाशिवाय दुसऱ्याचं भागणारच नाही!

आणि सगळ्याच्या शेवटी मी एक प्रश्न ठेवला होता. म्होरकी म्हणणार, "त्याला सोड आणि एकटी ये. तुला मी वाचवते." यावर आई काय म्हणणार ते मला पक्कं ठाऊक होतं. जिनं एका पहारेकऱ्यालासुद्धा वाऱ्यावर सोडलं नव्हतं, ती म्हणणार, "त्याला सोडून मी येणार नाही." बस्स, एवढं वाक्य. ते ऐकलं की म्होरकी कुऱ्हाड टाकून देणार आणि दोघं मिळून पूल ओलांडणार. त्या एका वाक्यासाठी मी अख्खी दरी खोदली होती. कारण बाबानं ते ऐकायला हवं होतं, आणि आईनं स्वतःच्या तोंडून.

रविवारी जेवणं झाल्यावर टेबल पुसलं. भिंतीला लागून आईची खोकी होती, त्यांच्याकडे पाठ करून बसायची खुर्ची मी घेतली. आत्या आली ती बडबडतच.

"चला सूत्रधारबाई, कुणाचे चमचे ढापायचेत?"

"दरी आहे, आत्या. चमचे नाहीत."

"शिपाई आहेत ना? मग त्यांचे बूट ढापते. अनवाणी शिपाई दगडांवर किती पळेल?"

"अरे वा," बाबा म्हणाला. "पहिल्यांदाच डोकं चालवलंस."

"तुझ्याकडूनच उसनं घेतलंय दादा, परत करते नंतर."

आणि काय सांगू, ते खेळले! कधीच खेळले नव्हते तसे खेळले. आईनं रोलर पुलावर ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा बाबाला विचारलं, "मी नक्की कुठं उभी राहू?"

बाबानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. "मधली, तिसरी फळी. तिथं शिपायांचा बाण पोचत नाही, आणि म्होरकीला तुझा चेहरा दिसतो."

"चेहरा दिसायला हवा का?"

"तुझं बोलणं चेहऱ्यानंच चालतं ना निम्मं."

आईनं रोलर तिसऱ्या फळीवर सरकवला. मी टेबलाखाली पाय आपटले, आनंदानं.

म्होरकीला मी एक मेलेली बहीण दिली होती. आईनं तिची गोष्ट म्होरकीकडून अशी काही काढून घेतली की म्होरकीच्या आवाजात मी न ठरवलेलंही सांगत सुटले. तिकडे बाबा टोक धरून होता. एक शिपाई मुद्दाम मागे हटला. असं कुणी हटलं की बाबा हमखास पाठलाग करतो. मी ते आमिषच टाकलं होतं. पण तो हलला नाही. "नाही. ती पुलावर आहे," तो म्हणाला, आणि बोल्ट जागच्या जागी ठेवला. आईचा एक डोळा तिकडे होता, मला दिसलं. आत्यानं फासा टाकला, एकवीस पडले म्हणाली, मग आठवलं की फाशावर वीसच असतात. सगळे हसले. आईनं हसताना बाबाच्या मनगटावर चापट मारली. मी मनात म्हटलं, जमलं. जमलं, जमलं, जमलं!

मग मी म्होरकीचा आवाज काढला. "मला तुझी दया येते, दुभाषी. पण तुझ्यामागे शिपाई येतात ते त्या ढालवाल्याच्या वाटेनं. त्याला सोड आणि एकटी ये. तुला मी वाचवते."

आईचं बोट रोलरवर होतं. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

जिला गप्प बसवायला पार्लरमधला ड्रायर चालू करावा लागतो, ती माझी आई गप्प बसली. मी थांबले. बोल ना, बोल ना, असं मी डोळ्यांनी म्हणत होते. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तिला कळलं की हा सगळा पूल कशासाठी आहे. तिचा चेहरा उतरला. तिला ते वाक्य येत होतं. खेळातल्यासारखं, सहज, ती म्हणूही शकली असती. पण बोट रोलरवर असलं तरी तिला माझ्याशी खोटं बोलवेना.

तेवढ्यात बाबानं बोल्टवर बोट ठेवलं.

आधी मला वाटलं, सरकवतोय. पण बोल्ट हलला नाही.

"जा तू," तो म्हणाला.

ढालवाल्याचा आवाज कसा असेल ते इतके दिवस मला माहीत नव्हतं. बाबासारखाच होता, फक्त जरा सावकाश. "तिच्या हातात कुऱ्हाड आहे, म्हणजे हे दोर तुटतात. मग माझ्या तलवारीनंही तुटतील. तू पलीकडे पोचेपर्यंत मी हे टोक सोडत नाही. पोचलीस की दोर तोडतो. यांना तूच हवी आहेस. तू गेलीस की माझ्याशी कोण कशाला लढेल? कुणी मरत नाही यात."

"आणि तू, दादा?" आत्यानं विचारलं. तिची थट्टा कुठल्या कुठे पळाली होती.

"मी इकडचा. मला पलीकडे काही काम नाही. तिला आहे."

आईनं रोलरवरचं बोट उचललं. "एवढं तू आजवर कधी बोलला नाहीस."

बाबाचं बोट तसंच होतं. "आधी मला इथनं दिसत नव्हतं."

मी कागदाकडे बघत बसले. त्याचं बरोबर होतं. इतका विचार करून मी डाव रचला, सगळी भोकं बुजवली, आणि हे भलंमोठं भगदाड मला दिसलंच नाही. दोघं एकत्र राहिले तर शिपाई त्यांच्या मागे येतच राहणार होते, पुढच्या डावात, त्याच्या पुढच्या डावात. दोर तोडले की सगळे जिवंत. मी पाहिलेली सर्वांत हुशार चाल होती ती, आणि त्यात बोलणंही होतं, लढणंही होतं, अगदी काट्यावर तोललेलं. क्लबात कुणी अशी चाल केली असती तर मी उभी राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

"नाही," मी म्हटलं. "दोर नाहीत ते. साखळ्या आहेत. लोखंडी. तलवारीनं तुटत नाहीत."

"तू कागदावर दोर काढलेत," बाबा हळूच म्हणाला.

"वरून दोर आहेत. आत साखळी आहे."

"ए, हा रडीचा डाव झाला हं," आत्या म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

"असू दे," आई म्हणाली. "खेळ तिचा आहे. ती म्हणेल ते."

बाबानंही मान हलवली. "सूत्रधार म्हणेल ते. साखळ्या तर साखळ्या. मग मी टोक धरून राहतो."

आणि ते दोघं खरोखरच थांबले. आई पुलाच्या मधोमध, बाबा टोकाशी. दोघांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी साखळ्यांवर अडून राहिले असते तर ते तिथंच उभे राहिले असते, कितीही वेळ, माझ्यासाठी. शिपाई येत राहिले असते आणि बाबा एकेक घाव ढालीवर घेत राहिला असता. आई बोलत राहिली असती, घसा बसेपर्यंत. मला ते सगळं दिसलं. कागदावर दिसलं, आणि कागदाच्या बाहेरही. म्हणजे गेली काही वर्षं ते हेच करत होते की काय?

मी पाऊस पाडू शकते. राजा मारू शकते, नद्या उलट्या वाहवू शकते. पण समोर बसलेल्या माणसाच्या पात्राला काय हवं, ते सूत्रधारानं ठरवायचं नसतं. क्लबात पहिल्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाला हे मीच सांगते, छाती काढून.

माझ्या नाकातून पाणी यायला लागलं होतं. मी बाहीनं पुसलं.

"दोर आहेत," मी म्हटलं.

आईनं रोलरवर पुन्हा बोट ठेवलं.

"दुभाषी चालायला लागते," मी म्हटलं. आवाज चिरकला, चिरकू दे. "पूल झुलतो. ती खाली बघत नाही. मागे तलवारींचा आवाज येतोय, पण एकही शिपाई पुलावर पाय ठेवत नाही, कारण टोकाशी जो उभा आहे तो हलत नाही. ती एकेक फळी ओलांडते. म्होरकी हात पुढे करते. दुभाषी पोचते."

आईनं रोलर कागदाच्या पलीकडच्या काठावर ठेवला. ठेवताना तो आडवा झाला, तिनं उभा केला.

बाबानं वीस बाजूंचा फासा उचलला.

"फासा नको," मी म्हटलं. "हे जमतं."

"नियमानं टाकायला हवा."

"जमतं, बाबा."

त्यानं फासा खाली ठेवला. मी दोर तोडले. दोन्ही. पूल पलीकडच्या कड्यावर जाऊन कसा आदळला, फळ्यांचा कसा आवाज झाला, शिपाई कसे तलवारी खाली करून एकमेकांकडे बघायला लागले, ते सगळं मी सांगितलं. मी चांगलं सांगितलं. आई रडत होती. बाबा बोल्टकडे बघत होता, आणि त्याचं बोट अजून त्यावरच होतं.

"मी कुठल्या बाजूला आहे गं?" आत्यानं विचारलं.

"अलीकडे. झाडावर. तुझ्याकडे बूट आहेत."

"हां," ती म्हणाली. "बूट."

सूत्रधाराला सोंगटी नसते. हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. कागदावर मी कुठंच नव्हते, आणि दोन्ही काठांवर काय चाललंय ते मलाच सांगायचं होतं. मंडळी फुटली की सूत्रधाराचे हाल होतात, हे सगळे सूत्रधार सांगतात. एकीकडचं सांगताना दुसरीकडचे ताटकळतात, आणि तुम्ही नुसते इकडून तिकडे.

"आई," मी म्हटलं, "पलीकडे एक पायवाट आहे. वर जाते. तू काय करतेस?"

तिनं रोलरवर बोट ठेवायला बराच वेळ घेतला. "जरा थांबते," ती म्हणाली. "मग जाते."

"बाबा, तू?"

बाबा कागदावर वाकला. दरीची रुंदी तो डोळ्यांनी मोजत होता, नेहमीसारखा, एकेक चौकट. मग त्यानं विचारलं, "इथून पलीकडे आवाज पोचतो का?"

मी मोजलं नाही.

"पोचतो," मी म्हटलं. "पण ओरडावं लागेल."

त्यानं मान हलवली. आईनंही. दोघंही ओरडले नाहीत. पुढचा टर्न आत्याचा होता, पण आत्या पदरानं डोळे पुसत होती, म्हणून मी तिचं होईपर्यंत थांबले.